रसेलची चार लग्नं, आणि तिसऱ्याला एकच वाक्य

उत्तरायण

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं आत्मचरित्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिशीत होतो आणि माझं पहिलं लग्न शाबूत होतं. परवा पुन्हा काढलं. आता सदुसष्ट पूर्ण आहेत आणि लग्न तिसरं आहे. पुस्तक तेच, पण या वेळी तत्त्वज्ञान, तुरुंग, अणुबॉम्ब हे सगळं भराभर उलटून मी फक्त बायकांची पानं वाचत बसलो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात हिशेब. जन्म १८७२. पहिलं लग्न १८९४ साली अ‍ॅलिस पिअरसॉल स्मिथशी. ती अमेरिकन, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातली, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. दुसरं डोरा ब्लॅकशी, १९२१ साली. तिसरं पॅट्रिशिया स्पेन्सशी, १९३६; तिला सगळे पीटर म्हणत. चौथं १९५२ च्या डिसेंबरात एडिथ फिंचशी. तेव्हा नवरदेव ऐंशी वर्षांचे. या चौघींच्या मध्ये लेडी ऑटोलिन मॉरेल, नटी कॉलेट ओ'नील आणि आणखी काही जणी.

पहिल्या लग्नाचा शेवट त्याने कसा सांगितलाय ते बघा. विसाव्या शतकाची सुरुवात, बाईसाहेब घरी, हा दुपारी सायकल घेऊन बाहेर पडलाय. गावाकडच्या रस्त्याने जाता जाता अचानक त्याच्या लक्षात येतं की आपलं अ‍ॅलिसवर प्रेम राहिलेलं नाही. त्या क्षणापर्यंत ते कमी झाल्याचीही कल्पना नव्हती, असं तो लिहितो. विशीत असताना मला हे वाचायला मिळालं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तिशीत वाचलं तेव्हा पेन्सिलने रेघ मारली होती. ती रेघ अजून आहे. काय प्रामाणिक माणूस, असं वाटलं होतं.

आणि मग मीही प्रामाणिक झालो. रात्रीची वेळ होती, बायको गजराच्या घड्याळाला किल्ली देत होती. मी म्हणालो, मला आता तुझ्याबद्दल पूर्वीसारखं काही वाटत नाही. तिने किल्ली पूर्ण दिली, घड्याळ जागेवर ठेवलं आणि विचारलं, "साडेपाचचाच लावायचा ना?"

या वेळी ती सायकल वाचताना मला राग आला. त्या परिच्छेदात सगळं त्याच्याबद्दल आहे. त्याचा रस्ता, त्याची दुपार, त्याला झालेला साक्षात्कार. अ‍ॅलिस त्या दुपारी काय करत होती, पत्ता नाही. हा माणूस खरं बोलतो यात शंका नाही. पण खरं बोलणं आणि समोरच्याला दिसू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी आयुष्यभर पहिलीच्या जोरावर दुसरी चुकवली.

तिसऱ्या लग्नाचा शेवट त्याहून भारी. आशय असा: १९४९ मध्ये माझ्या बायकोने ठरवलं की आता मी तिला नको, आणि आमचं लग्न संपलं. बस्स. तेरा वर्षांचा संसार, एक मुलगा, आणि पूर्णविराम.

माझंही दुसरं लग्न असंच आहे. कोणी विचारलं की मी म्हणतो, "जमलं नाही." दोन शब्द. रसेलपेक्षाही काटकसर.

इथे कोणी हे पुस्तक या अंगाने वाचलंय का?

टवाळ

काका, सायकल चालवताना पुढे बघावं, एवढंच शिकलो. बाकी चालू द्या, बसलोय.

निळी शाई

सुंदर लिहिलंय, पण अ‍ॅलिसला तुम्ही सायकलच्या मागेच सोडून दिलंत की! तिचं पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे.

त्या दुपारनंतर दोघं लगेच वेगळे झाले नाहीत. १९११ पर्यंत एका छपराखाली राहिले. म्हणजे साधारण नऊ वर्षं एका माणसाला माहीत होतं की प्रेम संपलंय, आणि दुसऱ्या माणसाला ते सांगितलं गेलेलं होतं. त्याच काळात साहेब गणितज्ञ व्हाइटहेडबरोबर 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा तर्क आणि गणिताच्या पायावरचा ग्रंथ लिहीत होते. घटस्फोट १९२१ मध्ये, तोही डोराला दिवस गेलेले म्हणून घाईत. अ‍ॅलिसने पुन्हा लग्न केलं नाही.

आणि मग १९४९. रसेलला ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनचा मोठा सन्मान मिळतो आणि अ‍ॅलिसचं अभिनंदनाचं पत्र येतं. इतक्या वर्षांचं मौन मोडतेय, अशा अर्थाची सुरुवात. मला त्यातलं एकच सर्वनाम छळतं. क्वेकर मंडळी आपापसात 'यू' म्हणत नसत, जुनं 'दी' वापरत. आपल्या 'तू'च्या जवळचं, पण त्याहून घरचं. लग्नाआधीच्या पत्रांत दोघं तेच वापरायची. आणि वेगळं झाल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी आलेल्या पत्रातही तेच. बाईचा नवरा सुटला, पण सर्वनाम सुटलं नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रात ती सरळ लिहिते की पन्नासहून जास्त वर्षं मी तुझीच आहे. दोघं पुन्हा भेटलेही. १९५१ च्या जानेवारीत ती गेली.

ही पत्रं त्याने स्वतःच आत्मचरित्रात छापली आहेत. याला काय म्हणायचं? कबुली की फुशारकी? मी आजवर ठरवू शकलेले नाही.

तर्कट

धाग्याचा रोख कळतोय, पण जरा थांबा. पहिला खंड १९६७ ला आला तेव्हा माणूस पंचाण्णवच्या घरात होता. त्या वयाची आणि त्या प्रतिष्ठेची माणसं आत्मचरित्रात काय लिहितात? सत्कार, प्रवास, भेटलेले पंतप्रधान. याने स्वतःचा कोतेपणा लिहिलाय. हेलन डडलीचं प्रकरण त्याने लिहिलं नसतं तर कोणाला कळलं असतं? १९१४ मध्ये शिकागोत ओळख झाली, ती त्याच्या भरवशावर इंग्लंडला आली, तोवर महायुद्ध सुरू झालेलं आणि याचं मन उडालेलं. मी तिचं काळीज मोडलं, असं त्याने स्वच्छ लिहिलंय.

शिवाय लग्नसंस्थेबद्दल जे वाटलं ते लिहिण्याची किंमत त्याने मोजली आहे. १९२९ च्या 'मॅरेज अँड मॉरल्स'मुळे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधली नेमणूक कोर्टाने रद्द केली, असला माणूस मुलांना बिघडवेल म्हणून. जिने दावा लावला तिच्या मुलीला त्या वर्गात प्रवेशच मिळणार नव्हता, तो अभ्यासक्रम फक्त मुलग्यांचा. दहा वर्षांनी त्याच माणसाला साहित्याचं नोबेल. आज आपण घरबसल्या त्याच्या बायका मोजतोय.

पानगळ

@तर्कट, मोजतोय कारण त्यानेच मोजायला दिल्यात.

आणि 'मी तिचं काळीज मोडलं' हे वाक्य पुन्हा वाचा. कर्ता कोण? मी. हेलन त्यात कर्म आहे. तिला पुढे आजारपणाने गाठलं, शरीर गेलं, मन गेलं, हेही तो सांगतो, पण सांगताना वाक्याच्या मध्यभागी स्वतःच उभा असतो. पश्चात्तापातसुद्धा मुख्य भूमिका सोडवत नाही.

आता डोराबद्दल, कारण तिच्यावर अन्याय होतोय. डोराला लग्नच नको होतं. तत्त्व म्हणून नको होतं. दोघं १९२० मध्ये चीनला गेली, तिथे पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) रसेलला न्यूमोनिया झाला, इतका की जपानी वर्तमानपत्रांनी त्याला मारून टाकलं. मग परतीच्या वाटेवर तेच पत्रकार मुलाखत मागायला आले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, तुमच्याच बातमीनुसार रसेल वारलेत, ते मुलाखत देऊ शकत नाहीत. तर त्या आजारपणात रात्रंदिवस त्याची शुश्रूषा करणारी डोरा. घरी पोचेपर्यंत तिला दिवस गेलेले. याला कायदेशीर वारस हवा होता, म्हणून सप्टेंबरात लग्न आणि नोव्हेंबरात मुलगा.

१९२७ मध्ये दोघांनी बीकन हिल नावाची शाळा काढली. लग्न दोन्ही बाजूंनी मोकळं ठेवायचं असं ठरलेलं. ठरवताना हा आघाडीवर. मग डोराला दुसऱ्या माणसापासून, एका अमेरिकन पत्रकारापासून, १९३० मध्ये मुलगी झाली, १९३२ मध्ये मुलगा. आणि तत्त्वज्ञाचं तत्त्व तिथे संपलं. १९३५ ला घटस्फोट. शाळा डोराने पुढे एकटीने १९४३ पर्यंत चालवली. वर्षाच्या हिशेबात सांगायचं तर बिनरसेलची बीकन हिल जास्त चालली.

याबद्दल तो जे लिहितो ते मात्र मला आवडतं. म्हणतो की माझी क्षमा करण्याची कुवत माझ्या तत्त्वाला पुरली नाही, आणि कोणीही मला हे आधीच सांगू शकलं असतं, पण सिद्धान्ताने माझे डोळे बांधले होते. चार लग्नांच्या अख्ख्या वृत्तान्तात एवढं एक वाक्य मी माफीच्या जवळचं मानते. तेही डोराची माफी नाहीच, स्वतःच्या अंदाजाची आहे.

काळा कोट

थोडं अवांतर, पण त्या काळचा कायदा लक्षात घेतल्याशिवाय ही पानं नीट लागत नाहीत.

इंग्लंडमध्ये १९२३ पर्यंत बायकोला घटस्फोट हवा असेल तर नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार पुरेसा. १९२३ ला ही तफावत गेली. क्रौर्य, परित्याग ही स्वतंत्र कारणं व्हायला १९३७ चा कायदा यावा लागला. आणि दोघांनी संगनमत केल्याचं दिसलं की अर्ज बाद! म्हणजे समजुतीने वेगळं व्हायचं असेल तर ती समजूत कोर्टापासून लपवायची. डोराच्या घटस्फोटाला इतकी वर्षं लागली ती काही निव्वळ कटुतेमुळे नाही.

रसेलचा थोरला भाऊ फ्रँक तर यात थेट तुरुंगात गेला. पहिल्या बायकोपासून अमेरिकेत नेवाडाला जाऊन घटस्फोट घेतला, तिथेच दुसरं लग्न लावलं. इंग्लंडने तो घटस्फोट मानला नाही. १९०१ मध्ये द्विभार्या केली म्हणून खुद्द हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर खटला आणि तीन महिने कैद. त्याचीही एकूण तीन लग्नं झालीच. घराणंच हौशी.

@उत्तरायण, तिसऱ्या लग्नाच्या एका वाक्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तो खंड १९६९ चा. पीटर तेव्हा हयात होती, मुलगा हयात होता. बाई रागीट होती की हा असह्य होता, हे छापलं असतं तर तिला उत्तर द्यायला तेवढाच मोठा छापखाना कुठून मिळणार होता? एखाद्याबद्दल एकच वाक्य लिहिणं हा अनादरच असतो असं नाही. अशील कमी बोलला की वकिलाला हायसं वाटतं, आणि कधीकधी पलीकडच्या पक्षालाही.

निळी शाई

@काळा कोट, हे मान्य केलं असतं. पण डोराही १९६९ ला हयात होती! तिच्याबद्दल तो मोकळेपणाने लिहितो. मग सभ्यता पीटरपुरतीच का? मला वाटतं, बाकीच्या लग्नांतून हा उठून गेला होता किंवा निदान दोघंही उठली होती. इथे ती उठून गेली. सोडणाऱ्याकडे गोष्ट असते. ज्याला सोडलं त्याच्याकडे एक तारीख असते.

आणि हो, 'हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी' वाचून ज्यांनी बी.ए. काढलं त्यांनी लक्षात ठेवा, त्याच्या संशोधनाचं बरंच काम पीटरने केलेलं आहे.

डोराने आपली बाजू स्वतः लिहिली. 'द टॅमरिस्क ट्री', तीन खंड, पहिला १९७५ चा. म्हणजे नवऱ्याचे तीन तर माझेही तीन.

सांजवेळ

बरेच दिवस नुसती वाचते इथे, पहिल्यांदाच लिहितेय.

तुम्ही सगळे नवरा-बायकोंबद्दल बोलताय. रसेलच्या मुलीने, केटने, वडिलांवर पुस्तक लिहिलंय, तेही १९७५ मध्येच आलं. त्यात भक्ती आहे आणि हिशेबही आहे. धाकटा मुलगा कॉनरॅड आईबरोबर, म्हणजे पीटरबरोबर गेला आणि वडिलांना कितीतरी वर्षं भेटला नाही. १९६८ मध्ये भेटला तेव्हा वडील शहाण्णवचे आणि तो तिशी ओलांडलेला.

माझ्या बाबांची तीन लग्नं. मी पहिल्या आईची. दुसऱ्या आईला मी नावाने हाक मारायचे, तिसरीला काकू. बाबा अतिशय प्रामाणिक. दर वेळी आम्हा भावंडांना समोर बसवून सगळं नीट समजावून सांगायचे. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला सांगितलं होतं की प्रेम संपलं असताना एकत्र राहणं हा खोटेपणा आहे. मला पटलं होतं. मग मी रोज झोपताना स्वतःला तपासायचे, बाबांचं माझ्यावरचं प्रेम आज संपलं असेल का. कारण ते त्यांनाही सायकलवरच कळणार होतं.

ही सायकलची गोष्ट मला आज या धाग्यावर कळली, म्हणून लिहावंसं वाटलं. बाबांनी रसेल वाचला होता की नाही, माहीत नाही. आता विचारता येणार नाही.

टवाळ

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

तर्कट

@सांजवेळ, याला माझ्याकडे उत्तर नाही.

एवढंच म्हणेन की एडिथचं लग्न टिकलं. शेवटपर्यंत, १९७० पर्यंत. आत्मचरित्राच्या सुरुवातीला तिला उद्देशून कविता आहे. आयुष्यभर शोधत होतो ते तुझ्यापाशी मिळालं, अशा अर्थाची. ऐंशीव्या वर्षी का होईना, शिकला म्हणायचा.

पानगळ

शिकला की दमला?

(हे खवचटपणे विचारत नाहीये. दमल्यावरच शिकता येत असेल कदाचित.)

काळा कोट

एक तपशील कोणाच्या लक्षात आलाय का? आत्मचरित्राचा पहिला मोठा भाग त्याने १९३१ मध्येच सांगून लिहून घेतला होता. छापला मात्र छत्तीस वर्षांनी. १९३१ म्हणजे डोराची मुलगी एक वर्षाची, दुसरं लग्न मोडकळीला आलेलं. म्हणजे सायकलवरून जाताना अ‍ॅलिसवरचं प्रेम संपलं, हे वाक्य ज्या माणसाने उच्चारलं त्याच्या घरात त्या वेळी दुसरंच प्रेम संपत होतं. कदाचित तो अ‍ॅलिसबद्दल बोलतच नव्हता.

साक्षीदार घटनेच्या दिवशी काय बोलला आणि तीस वर्षांनी काय बोलला, यात आम्ही नेहमी फरक करतो. प्रेम असं एका दुपारी संपत नसतं. एका दुपारी संपलं, असं नंतर ठरवलं जातं. कारण तारीख असली की खटला सोपा होतो.

उत्तरायण

चार दिवसांनी येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

@सांजवेळ, तुमचं लिहिणं वाचून मी माझ्या मुलीला फोन केला. ती पहिल्या लग्नाची, आता बेचाळीस वर्षांची. विचारायचं होतं ते विचारलं नाही. पाऊसपाण्याचं बोललो. फोन ठेवताना ती म्हणाली, "बाबा, सगळं ठीक आहे ना? तुम्ही उगाच फोन करत नाही."

@काळा कोट, तुमचं शेवटचं वाक्य लागलं. घड्याळाच्या त्या रात्रीबद्दल मी इतक्यांना सांगितलंय की आता ती जरा चांगलीच वठते. खरं सांगायचं तर त्याआधी दीड-दोन वर्षं मी उशिरा घरी येत होतो, आणि कशासाठी ते तिला माहीत होतं. ते मी धाग्यात लिहिलं नाही. साक्षात्कार वगैरे काही नव्हता.

सध्याच्या बायकोने हा सगळा धागा वाचला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "मला किती ओळी?" मी म्हटलं, अजून लिहितोय. ती म्हणाली, "मग आधी दुसरीचं लिही. दोन शब्दांत काय आटोपतोस."

म्हणून काल रात्री बसलो. चार वर्षांचं लग्न. कागदावर भांडणं उतरवायला लागलो तर माझी वाक्यं शब्दशः आठवत गेली. कोणता मुद्दा आधी मांडला, कुठे आवाज चढवला, कुठे मुद्दाम खाली आणला. युक्तिवाद आजही बिनतोड आहेत. तिचं एकही वाक्य आठवेना. दीड तास बसलो. ती गप्प बसणारी नव्हती, बोलायची, भरपूर बोलायची. पण आवाज नाही, शब्द नाही, काही नाही.

एवढंच आठवलं. आमच्याकडे रेक्झिनची एक आरामखुर्ची होती. मी बोलायला लागलो की ती त्या खुर्चीत बसायची आणि उजव्या हाताच्या टोकाशी सुटलेलं रेक्झिन नखाने सोलत राहायची. बारीक बारीक तुकडे, मांडीवर जमा करायची आणि उठताना मुठीत घेऊन जायची, जमिनीवर सांडू द्यायची नाही. पहिल्या वर्षी नाण्याएवढी जागा होती. ती गेली तेव्हा खुर्चीचा अख्खा हात लाकडापर्यंत उघडा पडला होता.

पहिल्याच आठवड्यात मी ती खुर्ची नवी करून घेतली.